पुसायचं न्हाई

मला हळ्ळीखेडमधी सगळे लिंगम्मा म्हणतेत. स्टँडवरून सरळ आत आलं की किराणा दुकान लागतंय, ते आमचं. मालक जाऊन लई वर्षं झाली. दुकान मीच चालवलं, आता लेक मृत्युंजय चालवायलाय. पण आज माझं सांगायचं न्हाई, माझ्या सुनेचं सांगायचंय, सौम्याचं. गावात तिच्यावर काहीबाही बोलायलेत. म्हणलं, जे झालं ते मीच सांगते. तिखटमीठ लावायचं असंल तर ते बी मीच लावीन, दुसऱ्यानं कामून लावावं?

सौम्या खजुरीची. शिकली कन्नड शाळेत, घरात बोलली मराठी, बाजारात बोलली उर्दू. आमच्याकडं शिवेवर सगळ्यांचंच असं हाय, त्यात काय मोठं न्हाई. कलबुर्गीला कॉलेज केलं. बोलायला कमी, पण एकदा न्हाई म्हणली की न्हाई. हे मला तिच्या लग्नातच कळलं.

आमच्या घरात सून आली की ताटात तांदूळ पसरतेत आन् नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितोय. माहेरचं नाव दाराबाहेर ऱ्हायलं. माझं तसंच झालं. मी निर्ण्याची श्रीदेवी. आजेसासूचं नाव चालवायचं होतं म्हणून झाले लिंगम्मा. पुढं कितीतरी महिने कुणी लिंगम्मा म्हणून हाक मारली तर मी ओ द्यायची न्हाई. ती हाक मला हाय, हेच ध्यानात यायचं न्हाई. सासू शेजारणीला म्हणली, "पोरगी बहिरी पदरात पडली गं बाई." मग हळूहळू ओ द्यायला लागले. न देऊन करते काय?

सौम्या आली तवा बी ताट मांडलं. माझा धाकटा दीर बसवंतप्पा म्होरं म्होरं करायलता, "गुरुदेवी ठिवा, गुरुदेवी, घराला शोभंल." मृत्युंजय अंगठी घेऊन वाकला, तर हिनं ताट आपल्याकडं ओढलं आन् बोटानं लिहिलं, सौम्या. अगं बया! मीच म्हणलं, "चांगलं नाव हाय की, हाय तेच ऱ्हाऊ द्या." आन् ताट उचलून तांदूळ सरळ आधणात टाकले. ते पुन्हा पसरायला नकोत कुणी. बसवंतप्पानं तो भात खाल्ला खरा, पण तवापासून आम्हा दोघींवर डूख धरून हाय.

नंतर एकदा तूर निवडताना सौम्यानं इचारलं, "आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" मी सांगितलं. ओ न द्यायची गोष्ट बी सांगितली. लई हसली ती. मी बी हसले आन् इसरून गेले.

आता हा बसवंतप्पा कोण, तर हुमनाबादला त्याचं कम्प्युटर सेंटर हाय. लोकांचे फॉर्म भरतोय, झेरॉक्स काढतोय. वाईट काम न्हाई ते. पण चार बटणं दाबली की माणसाला वाटायला लागतंय, जगात अक्कल ती आपल्याचकडं. त्याच्या सेंटरमधला एक लॅपटॉप मरायला टेकलता. चालू केला की अर्धा बाजार हिंडून यावा, तरी ह्याचं आपलं गरगर चालूच. तो त्यानं आमच्या दुकानात आणून टाकला. म्हणला, "डबडं हाय, ऱ्हाऊ द्या." सौम्यानं पदरानं पुसला आन् माडीवर नेऊन ठिवला.

तिचं फोनवर प्रोग्रामिंग शिकणं चाललं होतं. म्हंजी यंत्राला ओळीओळीनं हुकूम लिहायचा, हे कर, मग ते कर. पीठ मळता मळता फोन डब्याला टेकवून बघायची. तिनं अर्ज केलता त्या कलबुर्गीच्या कंपनीचा एक दिवस निरोप आला. घरी बसून करायचं काम, पण आधी परीक्षा. परीक्षेची अट अशी, की यंत्र आपलं आपणच उभं करायचं. लागणारं सगळं आपल्या हातानं घालायचं, एक प्रोग्राम लिहायचा आन् सोमवारी सकाळी व्हिडिओवर सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा. दुसऱ्याचं यंत्र चालणार न्हाई, दुसऱ्यानं करून दिलेलं तर अजिबात न्हाई.

बसवंतप्पा त्याच दिवशी चहाला टपकला. ऐकलं आन् हसला. "ह्या डबड्यावर? सौम्या, ह्याच्यापेक्षा माझ्या सेंटरवर बस. फॉर्म भर. घरच्या घरात."

"मला प्रोग्राम लिहायचेत, काका," ती म्हणली.

"बरं. सोमवारी जमलं तर तुझं खरं. न्हाई जमलं तर मंगळवारपासून सेंटरवर यायचं आन् हे खूळ बंद. चालतंय?"

मृत्युंजय मान घालून बसला. काकाचा शब्द त्याला मोडवत न्हाई, बापाच्या माघारी काकानं त्याला खांद्यावर खेळवलंय. मला वाटलं सौम्या भांडंल. तर ती म्हणली, "चालतंय." हात धुवून वर गेली. मी बी तिच्या मागं गेले.

त्या डबड्यातलं जुनं विंडोज काढून लिनक्स घालायचं, असं तिनं ठरवलं. लिनक्स काय असतंय ते मला इचारू नका. ती म्हणली, फुकट असतंय, हलकं असतंय, म्हातारं यंत्र बी त्याच्यावर पळतंय. म्हाताऱ्यांना पळवणारं हाय म्हणल्यावर मी म्हणलं, घाल बाई, मला बी घाल. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर भाषांची यादी आली. ती इंग्रजीवर थांबली, मग खाली खाली गेली. "आत्याबाई, ह्यात मराठी बी हाय."

"मग घे की. यंत्र आपल्या घरात हाय, आपल्या भाषेत बोलू दे."

तिनं मराठी घेतली. पुढं तिचं नाव इचारलं, मग यंत्राला काय नाव द्यायचं ते इचारलं. तेवढ्यात खालून कुणीतरी गुळाला ओरडलं. मी गूळ देऊन वर आले तर पडद्यावर एक पट्टी पुढं सरकायलीय आन् सौम्या गालात हसायलीय. मी म्हणलं, काय झालं? म्हणली, काही न्हाई.

सुरू झालं बरं का! बसवंतप्पाचं डबडं चटकन सुरू झालं, तक्रार न्हाई, गरगर न्हाई. मराठीत "स्वागत" आलं. मी त्याला हात जोडले. पण ती तर नुसती ओसरी होती, घर पुढंच होतं. प्रोग्राम लिहायची सगळी भांडीकुंडी मांडायची होती. त्यासाठी एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात हुकूम लिहायचे. दर ओळीच्या तोंडाला इंग्रजीत काहीतरी आधीच लिहिलेलं यायचं. मी इचारलं तर म्हणली, "ते असंच असतंय, आत्याबाई."

पहिल्या हुकुमालाच पासवर्ड मागितला. ही बटणं दाबायली, पडद्यावर काही उमटंना. टिंब न्हाई, चांदणी न्हाई. मी म्हणलं, "बटणं मेलीत वाटतं, मूठभर धूळ असंल." लॅपटॉप उलटा करून झटकला, फुंकर मारली. पुन्हा दाबलं, पुन्हा काही न्हाई. शेवटी ती वैतागली आन् ठोकून दिलं एंटर, तर गडी चालायला लागला! आत पोचायलं होतं सगळं, फक्त दाखवत नव्हता. असला आतल्या गाठीचा मी आमच्या सासूनंतर ह्यालाच बघितला.

मग अडलं ते खरं अडलं. फोनमधी एक मास्तर इंग्रजीत शिकवायलता. तो म्हणला, जे उतरवून घेतलंय ते डाउनलोड्समधी पडलंय, तिथं जा. त्यानं हुकूम दिला, त्याचं यंत्र तिथं गेलं. सौम्यानं तोच हुकूम दिला, तर आमचं यंत्र म्हणतंय असं काही न्हाईच. तिनं हजारदा दिला. अक्षर न् अक्षर पडताळून दिला. न्हाई म्हंजी न्हाई. काळी खिडकी सोडून दुसऱ्या, चित्रांच्या खिडकीत बघितलं तर फोल्डर समोर बसलेलं, आन् यंत्र म्हणतंय न्हाई! शनिवार असा गेला. जेवली न्हाई धड. रविवारी सकाळी मी भाकरी वर नेली तर ती भिंतीला टेकून बसलेली.

"माझ्यात अक्कलच न्हाई, आत्याबाई."

"अक्कल न्हाई म्हणणाऱ्याला असती. ज्याला न्हाई त्याला ते कळत बी न्हाई. भाकरी खा."

दुपारी बसवंतप्पा आला. कुणी कळवलं देव जाणे, मृत्युंजयचाच पोटात शब्द टिकला नसंल. हातात पेनड्राइव्ह. आल्या आल्या पडदा बघितला आन् टाळी वाजवली. "मराठी? अगं, मराठी कुणी घालतं व्हय? म्हणूनच मेलंय ते. हो बाजूला. पुसून टाकू सगळं. माझ्याकडचं विंडोज घालतो, इंग्रजीत. चहा निवायच्या आत तुझी परीक्षा पास. कंपनीला कुठं कळायलंय कुणी केलं ते!"

खोटं कशाला बोलू, सौम्याचा हात बाजूला झाला. सोमवार उशाला आलता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं तिचं झालं होतं. ती उठायलीच होती.

मग माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप फाडकन मिटला आन् मांडीवर घेतला.

"हात लावायचा न्हाई, बसवंतप्पा."

"वैनी, तुम्हाला ह्यातलं काय कळतंय?"

"ह्यातलं न्हाई कळत. पुसायचं कळतंय. पुसून टाक म्हणायला तुमचं काय जातंय रे? सून आली, नाव पुसा. यंत्र मराठी बोलायलंय, पुसा. तुम्हाला जमत न्हाई ते पुसायचं, आन् वर उपकार केल्यागत हसायचं! मला पुसलं तवा कुणी इचारलं न्हाई. मी गप बसले, कारण मला बोलता येत नव्हतं. आता येतंय. हे पोरीनं स्वतःच्या हातानं उभं केलंय. मोडकं असंल, आंधळं असंल, पण तिचं हाय. पुसायचं न्हाई!"

बसवंतप्पाचं तोंड एवढंसं झालं. "बघू की मग सोमवारी," म्हणला आन् चहा न पिता उतरला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतेत, इथं तर हा दुसऱ्याचं अंगणच उकरायला आलता.

तो गेला आन् सौम्या माझ्यावरच भडकली. "आत्याबाई, तुम्ही बोलून मोकळ्या झाल्या! उद्या न्हाई झालं तर सेंटरवर कोण बसणार? मी का तुम्ही?"

"तू. पण तुझ्या हातानं बुडालीस म्हणून बसशील. त्याच्या हातानं तरलीस तर जल्मभर त्याचे फॉर्म भरावे लागतील, घरी बसून भरावे लागतील."

तिनं माझ्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला आन् रागारागानं उघडला. रागात माणूस मोठ्यानं वाचतंय, तशी ती यंत्राचं उत्तर मोठ्यानं वाचायली, "अशा नावाचं काही न्हाई. अशा नावाचं काही न्हाई." तिसऱ्यांदा वाचता वाचता थांबली. माझ्याकडं बघितलं. आन् हसायलाच लागली की! मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

"आत्याबाई, ह्याचं तुमच्यावाणीच झालंय. मास्तरचं यंत्र इंग्रजी हाय, त्याच्या फोल्डरचं नाव इंग्रजी. माझं मराठी हाय, म्हणून ह्यानं फोल्डरची नावं बी मराठीत ठिवलीत. मी दोन दिवस झाले ह्याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारायले. ते ओ देईल कसं?"

तिनं काळ्या खिडकीत नावांची यादी काढली. होतं तिथंच, मराठीत. अक्षरं जरा वाकडीतिकडी, काना एकीकडं मात्रा एकीकडं, पण होतं. आता ते मराठीत लिहायचं, तर हिनं मराठी कधी टाइप केलेली न्हाई. टायपिंग शिकली ती कन्नड, कॉलेजात. मराठीची पाटी, म्हंजी कीबोर्ड, चालू केली, पडद्याकडं बघितलं न्हाई, कन्नडच्या सवयीनं बोटं टाकली. आन् पडद्यावर मराठी उमटलं! कन्नडचा क ज्या बटणाला, मराठीचा क त्याच बटणाला. ग, ड, न, सगळे जिथल्या तिथं. बोटं कन्नड बोलायलीत आन् पडदा मराठी. मी म्हणलं ह्यात नवल ते काय, आमच्या घरात सगळ्यांच्या जिभेचं हेच चाललंय. पण खरं सांगते, अंगावर काटा आला. बसवंतप्पाला बसल्या जागी हे सुचलं नसतं, त्याला घरचं सगळं अडगळच वाटतंय.

यंत्रानं ओ दिली. अर्धी ओळ इंग्रजी, अर्धी मराठी, जसा आमचा बाजार. दिवे लागायच्या आत तिची सगळी भांडीकुंडी मांडून झाली, आन् पहिला प्रोग्राम चालला तवा तिनं मला मिठी मारली. पिठाच्या हातानंच मी बी मारली.

सोमवारी घरात लाईट नव्हती. दुकानात इन्व्हर्टर हाय म्हणून तुरीच्या पोत्यावर पाट टाकून लॅपटॉप मांडला. मृत्युंजयनं गिऱ्हाईक बाहेरच थोपवून धरलं. तेवढं तरी केलं बिचाऱ्यानं. बसवंतप्पा कोपऱ्यात स्टुलावर येऊन बसला, पंचाईत बघायला. कंपनीची बाई पडद्यावर आली, विजयश्री मॅडम. कन्नडमधी बोलायली, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

सौम्यानं आपला पडदा तिला दाखवला, एकेक करून हुकूम दिले. बाई बघत होती. बघता बघता म्हणली, "थांबा. तुमचं नाव सौम्या ना? मग प्रत्येक ओळीच्या तोंडाला हे श्रीदेवी कोण? मशीन दुसऱ्या कुणाचं हाय काय? आमची अट माहीत हाय तुम्हाला."

बसवंतप्पा स्टुलावर पुढं सरकला. माझ्या कानात तर दडे बसले. श्रीदेवी? कोण श्रीदेवी?

सौम्याचा आवाज जरा बी हलला न्हाई. "मॅडम, मशीन माझंच हाय आन् मीच उभं केलंय. लिनक्स घालताना इचारलं, चालवणाऱ्याचं नाव काय आन् मशीनचं नाव काय. चालवणारी सौम्या. मशीन श्रीदेवी. ते माझ्या सासूचं नाव हाय."

"आन् त्या कुठं हायेत?"

सौम्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. मी तराजूजवळ उभी, हाताला तेल, डोक्यावरचा पदर घसरलेला. बाई म्हणली, "अक्का, तुमचं नाव काय?"

तोंडात लिंगम्मा आलतं. सवयच ती. दातापर्यंत आलतं. मी ते गिळलं.

"श्रीदेवी," मी म्हणलं. "निर्ण्याची श्रीदेवी."

माझाच आवाज मला ओळखू आला न्हाई. आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं, मी सुदिक न्हाई. भरल्या दुकानात डोळ्याला पाणी आलं. येऊ दे म्हणलं, माझं पाणी, माझं नाव, कुणाच्या बापाचं काय जातंय?

बाई म्हणली, "ठीक हाय. सौम्या, चालवा." सौम्यानं एंटर दाबला, प्रोग्राम धडधडीत चालला. बाईनं मुद्दाम उलटंसुलटं इचारलं, मराठी कामून घातली ते बी इचारलं. सौम्या म्हणली, "माझं घर मराठी बोलतंय, मॅडम. अडलं होतं, मी सोडवलं. पुन्हा अडलं तर पुन्हा सोडवीन." बाई हसली. म्हणली, गुरुवारी कलबुर्गीला येऊन सही करून जा, पहिल्या तारखेपासून काम चालू.

मृत्युंजय बाहेरून पळत आला आन् आल्या आल्या बायकोला काय म्हणावं ते सुचंना, म्हणून गिऱ्हाइकालाच साखर जास्त घातली. बसवंतप्पा स्टुलावरच. उठावं तर हसू होतंय, बसावं तर बसवत न्हाई. शेवटी घसा खाकरला.

"वैनी, जरा चहा टाका की."

"कोणती वैनी? नाव घे."

"आता काय नाव... लिंगम्मावैनी."

"चहा न्हाई."

त्यानं मृत्युंजयकडं बघितलं. मृत्युंजय पोती मोजायला लागला. सौम्याकडं बघितलं. तिनं लॅपटॉप तसाच उघडा ठिवला होता, ओळीच्या तोंडाला माझं नाव, म्होरं ते चौकोनी टिंब लुकलुकायलेलं.

"श्री..." बसवंतप्पा म्हणला. "श्रीदेवीवैनी."

"ओ," मी म्हणलं, आन् चहाचं आधण ठिवलं.